कागद हलला की बाद

देवाने हात दिले ते जोडण्यासाठी, असे थोर माणसे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण काही हात त्याने असे घडवले, की ते जोडले तरी जोडलेले राहत नाहीत. सकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटावेत, तर अंगठा तर्जनीवर काहीतरी चाचपतोच आहे. हातातल्या रुमालाच्या टोकाला पीळ बसतोच आहे. आणि पुढच्या रांगेतल्या मुलाचे लोंबणारे बटण दिसले, की उरलेली प्रार्थना देवावर सोपवून हात सुईकडे धावतोच आहे. अशा हातांच्या बाईला मुलांनी ‘चुळबुळ मावशी’ म्हटले, यात मुलांचे काय चुकले?

मावशीने तारुण्याची चौदा वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणे लावण्यात घालवली. शेजारणीशी गप्पा मारता मारता, खिडकीबाहेर बघता बघता, ती शर्टामागून शर्ट पुढे सरकवी, आणि सुई मात्र बटणाच्या छिद्रात अशी जाई, की जणू तिला घरचा रस्ताच माहीत. पुढे कारखाना दुसऱ्या गावी हलला. मावशी अंध मुलांच्या शाळेत गणवेशांची दुरुस्ती करायला आली. कोपऱ्यात शिवत बसलेली असताना तिने पाहिले, की एक मुलगी अक्षरे लागत नाहीत म्हणून रडते आहे आणि शिकवणारी बाई तोच कागद पुन्हा पुन्हा तिच्या हाताखाली सारते आहे. मावशीला ते बघवेना. तिने कापडाच्या तुकड्यावर सहा मोठी बटणे दोन रांगांत, काढता-लावता येतील अशी, टाचली आणि मुलीच्या हातात दिली. मुलगी रडायची थांबली, हसली, आणि दुपारपर्यंत पाच अक्षरे बोलून मोकळी झाली. त्या दिवशी मावशीची शिवणाची टोपली गेली आणि अक्षरांचा वर्ग तिच्याकडे आला. त्याला आता अकरा वर्षे झाली होती. भिंतीवरचा तक्ता बघून ब्रेल तिने बारा दिवसांत पाठ केले होते, आणि त्याचा तिला अभिमान होता.

काय ते ब्रेल? सहा टिंबांचे एक घर. डाव्या अंगाला वरून खाली तीन खोल्या, एक, दोन, तीन. उजव्या अंगालाही तीन खोल्या: चार, पाच, सहा. कोणत्या खोलीत टिंब राहायला आले आणि कोणती खोली रिकामी राहिली, एवढ्यावर सारी वाणी उभी आहे. पहिल्या खोलीत टिंब एकटे असेल तर तो अ. पहिल्या-दुसऱ्या खोलीत जोडी असेल तर ब. पहिली भरली, तिसरी भरली आणि मधली रिकामी राहिली, तर क. एवढ्याशा घरात आईची हाक मावते आणि देवाचे नावही मावते.

मावशीने हे घर मुलांसाठी किती परींनी बांधले! अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे सहा-सहा खळग्यांचे तुकडे कापले, त्यांत रबरी चेंडू बसवले. सहा दांडगी बटणे लावलेला एक सदरा शिवला. एका मुलाने तो घालायचा, दुसऱ्याने बटणे लावायची किंवा सोडायची आणि तिसऱ्याने त्याचे पोट चाचपून अक्षर ओळखायचे. ‘गुदगुल्या नको!’ म्हणून सदऱ्यातले मूल असे किंचाळे, की खालच्या मजल्यावर ऐकू जाई. वर्गाच्या जमिनीवर दोरी चिकटवून तिने सहा चौकोन आखले होते. मुलांनी त्यांत उभे राहून स्वतःच अक्षर व्हायचे आणि मावशीने ताल धरायचा:

“एकटा अ, जोडीला ब,
मधल्याला हाकलून बसला क!”

मधल्याला हाकलताना ढकलाढकली होई, कोणी पडे, कोणी रडे, आणि क मात्र जन्मभर लक्षात राही.

या वर्गात सहा वर्षांची एक मुलगी आली. घरात तिला ‘भिंगरी’ म्हणत, कारण तिला चालणे ठाऊकच नव्हते, पळणे तेवढे ठाऊक होते. जन्मापासून दिसत नव्हते, म्हणून पळणे थांबवावे असे तिला कोणी पटवू शकले नव्हते. तिची आई रस्त्याच्या टोकाला लाँड्रीत इस्त्री करी. थोरली बहीण, ताई, घरासमोरच्या शाळेत चौथीत होती. भिंगरीला त्याच शाळेत जायचे होते. दुसऱ्या कुठल्याही नाही, त्याच.

आई तिला घेऊन त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे गेली. सारी गल्ली त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणे. मावशीही सोबत गेली आणि उभ्याउभ्या त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या लांबीप्रमाणे लावू लागली.

मोठ्या बाई म्हणाल्या, “त्या टाचण्या राहू द्या. मी स्पष्ट सांगते. माझ्या शाळेत ब्रेल वाचणारं मूल आजवर बसलेलं नाही. वर्गात पंचेचाळीस मुलं. बाईंना एकीच्याच मागे बसता येणार नाही. ब्रेलची पुस्तकं मी मागवीन, पण ती तिला स्वतः वाचता आली पाहिजेत. सत्र सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी तिला घेऊन या. मी देईन तो कागद वाचला, तर घेते.”

“आणि नाही वाचला तर?” आईने विचारले.

“मावशींकडे अक्षरांपुढचे वर्ग नाहीत. मग अंध मुलांची निवासी शाळा आहे. चांगली शाळा आहे हो ती.”

शाळा चांगलीच होती, पण एका दिवसाच्या प्रवासावर होती. मूल वर्षातून दोनदा घरी येई. शुक्रवार सहा आठवड्यांवर होता.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “मावशी, दोघी बहिणी एका पांघरुणात झोपतात. एकीला उचलून नेलं तर दुसरीला झोप लागेल का?”

“कोण उचलून नेतंय?” मावशी म्हणाली. “अहो, माझ्या हाताखालून साठ मुलं गेलीत. ही तर विजेसारखी आहे. दोन आठवड्यांत सगळी अक्षरं घेते की नाही बघा.”

आणि घेतलीच! भिंगरीने दोन आठवड्यांत सारी वर्णमाला गिळली. चेंडूंत ओळखली, बटणांत ओळखली, मातीच्या गोळ्यांत ओळखली. जमिनीवरच्या चौकोनांत ती अशा उड्या मारी, की न पासून म पर्यंत एकाच पायावर पोचे. मावशीचा आनंद गगनात मावेना. तिसऱ्या सोमवारी तिने चेंडू टोपलीत टाकले, शाळेच्या छापखान्यातून आलेला पहिल्या धड्याचा ब्रेल कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, “हं, भिंगरे, आता खरं वाचन!”

भिंगरीने बोट ठेवले. बोट थांबले. मग ते अक्षरावर गोल फिरले, वर गेले, खाली आले, नखाने खरडू लागले.

“एक... दोन... मावशी, हे दोन आहेत की तीन?”

“नीट बघ की. कालच तर चेंडूंत सांगितलंस.”

“चेंडू मोठा होता. इथे अक्षरच नाही. वाळू सांडलीये.”

मंगळवारी वाळू होती. बुधवारी वाळू होती. गुरुवारपर्यंत खरडून खरडून पहिल्या ओळीची टिंबे झोपली, बोटाचे टोक लाल झाले आणि पळणारी मुलगी खुर्चीत दगडासारखी बसू लागली. मावशी जास्त बोलली, मोठ्याने बोलली. ज्या बाईने अकरा वर्षांत कोणा मुलावर आवाज चढवला नव्हता, ती म्हणून गेली, “मन लावत नाहीस तू! तिकडे एकटीला पाठवतील, मग कळेल!” भिंगरी रडली नाही. तिने लाल झालेले बोट मुठीत लपवले. रडली असती तर बरे झाले असते, कारण ती मूठ मावशीच्या काळजात जाऊन बसली ती हलेचना.

घरी तिला चैन पडेना. जेवणाची भांडी मांडता मांडता तिने वाट्या तीन-तीनच्या दोन रांगांत लावल्या. नवरा बस चालवी. तो थकून आला होता. तो म्हणाला, “अगं, मी जेवायला बसलोय, परीक्षेला नाही. यातली कुठली वाटी उचलली तर नापास होईन, तेवढं आधी सांग.”

तिला हसू आले नाही. “चूक माझी नाही,” ती म्हणाली. “चूक त्या छापखान्याची आहे. टिंबं बसकी येतात त्यांची. उद्या विचारतेच.”

छापखाना वर्गाच्या खालीच होता. एक धटिंगण यंत्र जाड कागदावर टिंबे ठोकत असे आणि खिडकीशी बसलेले एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक पान बोटांनी वाचून त्यातल्या चुका काढत. ते तरुणपणीच आंधळे झाले होते. मुले त्यांना ‘तपासनीस आजोबा’ म्हणत. खिडकीचे टेबल आपल्याला का मिळाले, हे ते आल्यागेल्याला सांगत: “इथे ऊन लागतं म्हणून कोणी बसेना. मला काय, मला ते फक्त गरम लागतं, डोळ्यांवर येत नाही!”

मावशी जिना उतरली तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, “आज पाऊल रागानं येतंय. माझ्यावर की यंत्रावर?”

“दोघांवर. आजोबा, टिंबं बसकी येतात तुमची. माझ्या मुलीला एक अक्षर लागत नाही.”

त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला. खरडलेली पहिली ओळ सोडून दुसऱ्या ओळीवरून दोन्ही हातांची बोटे नेली. इतकी हलकी, की पाण्यावरून वारा जावा. “टिंबं तर टवटवीत आहेत. वाचा बरं तुम्ही ही दुसरी ओळ.”

“‘कमल, बदक बघ.’ वाचली.”

“डोळ्यांनी वाचलीत. आवाज कागदावर आपटून आला, म्हणजे मान खाली गेली होती. बोटानं वाचा.” आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातांवर पसरला.

टॉवेलाखाली मावशीचे बोट ओळीवर टेकले. जे हात न बघता सुई ओवत, जे हात अंधारात गाठ सोडवत, ते हात त्या ओळीवर पुढे गेले, मागे आले, दाबून बघू लागले, खरडून बघू लागले. क कुठे होता? त्याची रिकामी मधली खोली कुठे होती? तिला एक खडबडीत पट्टा लागत होता, बस. पोरगी खरे बोलली होती. वाळू सांडली होती.

मावशीने टॉवेलाखालून हात काढून घेतले.

“अकरा वर्षं,” मावशी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “अकरा वर्षं मी शिकवतेय, आणि मला वाचता येत नाही.”

“डोळस शिक्षकांची ही जुनीच खोड आहे. तुम्ही पहिल्या नाही.” आजोबांचा आवाज मवाळ झाला. “मला सांगा, बटण लावताना छिद्रं दोन की चार ते मोजत होतात?”

“छे! ते बोटाला कळतंच.”

“पहिल्या दिवशी कळत होतं?”

“पहिला महिनाभर सुई बोटातच जायची.”

“मग झालं तर. तुमचे खेळ वाईट नाहीत हो. पोरं अक्षरांवर जीव लावतात, ते काय थोडं आहे? पण चेंडूचं अक्षर हात फिरवून मोजावं लागतं. कागदाचं अक्षर बोटाखालून चालत जातं. ते मोजायचं नसतं, ओळखायचं असतं. तुम्ही पोरीला घराचा पत्ता पाठ करून दिलात, पण घरातल्या माणसाचा आवाज कधी ऐकवला नाहीत.”

“आणि आधीची साठ मुलं?”

“काही इथे खाली येऊन माझ्याकडून बोट सुधारून गेली. काहींनी वाचन सोडलं.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगायला तीनदा वर आलो होतो,” आजोबा म्हणाले. “तुम्ही एका जागी थांबता कधी?”

मावशी जिना चढू लागली. साठ मुलांचे चेहरे तिच्याबरोबर एकेक पायरी चढत होते. कोणाला तिने आळशी म्हटले होते, कोणाला मंद म्हटले होते, कोणाच्या बापाला सांगितले होते की तुमच्या मुलाचे लक्षच नाही. हे परमेश्वरा, ज्याचे डोळे तू मिटलेस त्याला मी ‘नीट बघ’ म्हणत राहिले! पण पश्चात्तापालाही सवड लागते, आणि शुक्रवार तीन आठवड्यांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंगरीच्या शेजारी लहान मुलांच्या खुर्चीत बसली. खुर्ची कुरकुरली.

“भिंगरे, मला वाचता येत नाही.”

“खोटं!”

“देवाशपथ. काल टॉवेलाखाली हात घालून बघितलं. मलाही वाळूच लागली.”

भिंगरी विचारात पडली. “मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?”

“डोळ्यांनी बघून सांगत होते.”

“म्हणजे कॉपी करत होतीस!” भिंगरी टाळी वाजवून ओरडली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचे हसू बाहेर आले, आणि त्याबरोबर मुठीतले बोटही. मावशीने ते बोट धरून आपल्या कपाळाला लावले.

“रागावले होते ना तुझ्यावर? चुकलं माझं. आता दोघी मिळून शिकू. जिला आधी येईल ती दुसरीला शिकवेल.”

मग त्या वर्गात नवे खेळ सुरू झाले, आणि ते सारे बोटाच्या टोकाएवढे होते. आजोबा रोज तासभर वर येत आणि पंच म्हणून बसत. गुळगुळीत फरशीवर ब्रेलच्या एका ओळीची सुटी पट्टी ठेवायची, टाचायची नाही, धरायची नाही. तिच्यावरून बोट न्यायचे. बोट जड झाले की पट्टी सरके, आणि आजोबा ओरडत, “कागद हलला! बाद!” पहिल्या दिवशी मावशी एकोणीस वेळा बाद झाली. तिच्या हातांची सारी घाई त्या पट्टीने उघडी पाडली. भिंगरी सात वेळा बाद झाली आणि शेवटी म्हणाली, “तुझ्यापेक्षा बारा कमी!”

दुसरा खेळ घुसखोराचा. ओळभर ल, ल, ल, आणि मध्येच एक परका. तो कोण हे सांगायचे नाही, फक्त कुठे आहे ते सांगायचे. नाव मागाहून. तिसरा खेळ स्थानकाचा. भिंगरीने बोट हवेसारखे ठेवून थांबायचे, ते स्थानक. मावशीने पट्टी त्याच्याखालून हळूहळू ओढायची, ती गाडी. एकेक अक्षर डब्यासारखे बोटाखालून जाई.

“गेली! काय गेलं?”

“माहीत नाही. पण ओळखीचं होतं.”

“परत आणू गाडी?”

“आण. पण हळू. तुला हळू म्हणजे काय ते माहितीये का मावशी?”

आणि एका सकाळी गाडी जात असता भिंगरीचे खांदे एकदम ताठ झाले. “म. म गेला. मग ल. मग आ... मला! मावशी, ‘मला’ गेलं! मी मोजलं नाही, तेच बोललं!”

तिने वर्गभर तीन फेऱ्या मारल्या, दोन खुर्च्या पाडल्या आणि आजोबांच्या मांडीवर जाऊन आदळली. मावशीने तीच पट्टी स्वतःच्या बोटाखाली घेतली, डोळे मिटले. तिला म लागला. ल लागला की लागल्यासारखा वाटला, ते देव जाणे.

दिवस मात्र पळत होते. वर्गात मावशीचे हात हळू व्हायला शिकत, तर रस्त्यात तिचे पाय घाई करत. आज किती ओळी झाल्या, उरल्या किती, चुकल्या किती? भिंगरी एका दिवशी पूर्ण ओळ वाचे, दुसऱ्या दिवशी अर्ध्यात अडके आणि पुन्हा नखाने खरडू लागे. मावशीच्या जिभेवर ‘नीट बघ’ येई, आणि ती जीभ चावे.

शेवटच्या आठवड्यात आई आली. “मावशी, तिला जरा समजवा. दुपारी इस्त्रीच्या टेबलाखाली बसते आणि गिऱ्हाइकांच्या कॉलरवर बोट फिरवते. म्हणते, ‘आई, या शिवणीत ल, ल, ल, ल आहेत.’ कपडे चुरगळतात हो!” ती हसली, आणि हसता हसता थांबली. “त्या निवासी शाळेतून यादी आली. दोन पांघरुणं, एक पेटी. पेटी मी पुसून ठेवलीय, वेळ आली तर असावी म्हणून. थोरली त्या पेटीवर बसून जेवते, त्यावर बसून अभ्यास करते. उठतच नाही. म्हणते, ‘मी उठले की तुम्ही ती भराल.’”

“साठ मुलं गेलीत माझ्या हाताखालून,” हे वाक्य आता मावशीला बोलता येत नव्हते.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाईंच्या खोलीत भिंगरी टेबलाशी उभी राहिली, मावशी तिच्या मागे, आई दारात. बाईंनी कपाट उघडले. रजिस्टरांच्या चळतीखालून एक पिवळा पडलेला ब्रेल कागद ओढून काढला. “कोणे एके काळी प्रशिक्षणात मिळाला होता. खाली मजकूर छापलेला आहे, म्हणजे मला पडताळता येईल. वाच बाळ.”

भिंगरीने दोन्ही हात कागदावर ठेवले. डाव्या बोटाने ओळीचे तोंड धरले, उजवे निघाले. “न... दी. नदी. नदीकाठी. एक.” बोट पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. “पुढे काही नाही.”

“आहे की,” बाई म्हणाल्या.

“नाही. रिकामं आहे.”

“अगं, ओळ शेवटपर्यंत भरलेली आहे. मला इथून दिसतेय.”

मावशीने वाकून पाहिले. खिडकीच्या उजेडात टिंबे स्पष्ट दिसत होती, एकेक वाटोळे, एकेक जागच्या जागी. घ, र, ह, ओ, त... सारे दिसत होते. तिच्या घशाशी ‘नीट बघ’ आलेच. दारात आईचा श्वास ऐकू येत होता. भिंगरीचे बोट वाकू लागले होते, आता नख टेकणार, आता खरडणार.

मावशीने डोळे मिटले आणि भिंगरीच्या बोटाशेजारी आपले बोट टेकले. नदीकाठी. एक. आणि पुढे? पुढे गुळगुळीत कागद. रजिस्टरांच्या ओझ्याखाली टिंबे कधीच झोपली होती, त्यांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. डोळ्यांना अक्षर होते, बोटाला नव्हते.

“बाई,” मावशी म्हणाली, “ती बरोबर सांगतेय. इथे काही नाही.”

“मला दिसतंय म्हणते ना मी!”

“मलाही दिसतंय बाई. अकरा वर्षं मला असंच दिसत होतं. हात इकडे द्या.”

मोठ्या बाईंचा हात असा कोणी मागितला नसेल बरीच वर्षे. क्षणभर त्यांच्या भुवया वर चढल्या. मग त्यांनी चष्मा काढला, बोट टेकले, ‘नदीकाठी’वरून नेले, पुढे नेले. तिथे थांबल्या. पुन्हा नेले.

“ताजं लिहून देते,” मावशी घाईने म्हणाली. “ब्रेलची पाटी माझ्याजवळ आहे. मजकूर तुमचा, तुम्हीच सांगा. मी आधी तिला सांगितलं असं नको व्हायला.”

बाईंनी चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या आणि तिच्या हातात दिल्या. मावशीने चिठ्ठी वाचली. आणि ज्या हातांना प्रार्थनेतही थांबता आले नव्हते, ते हात चिठ्ठी धरून थांबले.

“मावशी? काय झालं?” भिंगरीने विचारले. “तुझा आवाज येईना.”

“काही नाही. तू गप्प उभी राहा.”

तिने जाड कागद ब्रेलच्या पाटीत अडकवला, टोचणी उचलली. उजवीकडून डावीकडे, उलटे, कागदाच्या पाठीवरून टोचत जायचे, म्हणजे उलटल्यावर टिंबे सुलटी उभी राहतात. टक्, टक्, टक्. एकही टिंब चुकता कामा नव्हते. कपाळावरचा घाम तिने बाहीने पुसला, चिठ्ठी दोनदा पडताळली, मग कागद काढून उलटला आणि भिंगरीपुढे ठेवला.

“सो... म... सोम. सोमवारी.” भिंगरीचे बोट हलके होते. “सा... सात... सातला. सातला. ये.” ती थांबली. परत ओळीच्या तोंडाशी गेली आणि या वेळी एका दमात आली. “सोमवारी सातला ये.”

“पुढे,” मोठ्या बाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी अजून घातला नव्हता.

“उ... शी... र. उशीर. नको.” भिंगरीने मान वर केली. “कुणी यायचं? कुणाला लिहिलंय हे?”

दारात आई भिंतीला टेकली होती. मावशीने तोंडावर हात धरला होता.

“तूच वाचलंस ना?” मोठ्या बाई म्हणाल्या. “मग तुलाच.”

भिंगरीने कागदावर पुन्हा बोट ठेवले, ‘ये’ होते तिथे, आणि ते अक्षर तिथेच आहे अशी खात्री करून घेतली. मग ती अगदी गंभीरपणे म्हणाली, “बाई, मला उशीर होणार नाही. पण ताईला उठवायला फार वेळ लागतो. तिलापण एक असं लिहून द्या.”